पांढऱ्या पट्टीची वायर

शालिकभाऊ वायर हातानं मोजायचे. मोजपट्टी त्यांच्या पिशवीत असायची, पण ती बिल करणाऱ्यांना दाखवण्यापुरती. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे हात टाकत ते भिंतीच्या कडेनं चालत जायचे, शेवटाला पोचले की क्षणभर थांबायचे आणि आलेल्या आकड्यात दोन हात वाढवायचे. "मास्तर लोक टेबल सरकवतात," ते म्हणायचे, "वायरीले तान नाई पडला पाह्यजे." आमच्या कॉलेजात आजही कुठल्याही टेबलामागे वाकून पाहिलं तर वायरीचं एक छोटं वेटोळं पडलेलं दिसतं. ते त्यांचे वाढवलेले दोन हात.

आमचं कॉलेज वाशीमच्या बाहेर, माळावर आहे. मुख्य इमारत, ग्रंथालय, विज्ञान, कार्यशाळा आणि वसतिगृह अशा पाच इमारती, मध्ये कडुनिंबाची झाडं. मी तिथे संगणक शिकवतो आणि कॅम्पसच्या नेटवर्कचा प्रमुख म्हणून कागदोपत्री माझंच नाव आहे. शालिकभाऊ माझ्या हाताखाली होते. तेही कागदोपत्रीच. खरं काम ते करायचे आणि मी सह्या करायचो.

त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत आणि दहावीत इंग्रजी राहिलेलं. तरुणपणी टेलिफोनच्या खांबांवर चढायचं काम केलं, ते संपल्यावर आमच्याकडे कंत्राटावर आले. दरवर्षी मार्च अखेरीला त्यांना नव्या वर्षाचं पत्र मिळायचं. ते पत्र ते घडी न उलगडता खिशात ठेवायचे. बायको गेलेली होती, एकुलती मुलगी दूर सुरतेला दिलेली. पंपाच्या खोलीमागे कॉलेजनं दिलेल्या एका खोलीत ते एकटे राहत. मी पंधरा वर्षं त्यांच्याबरोबर काम केलं आणि त्या खोलीत फक्त एकदा गेलो.

वायरींच्या टोकांना ते कापडाच्या पट्ट्या बांधायचे. छापील लेबलं मिळतात, मी आणूनही दिली होती, ती त्यांनी कपाटात ठेवून दिली. "कागद उंदीर खाते. कापड बी खाते, पन गाठ ठेवते." लाल पट्टी म्हणजे मुख्य इमारतीकडून येणारी वायर, हिरवी म्हणजे टेबलाकडे जाणारी. पट्ट्या जुन्या लुगड्याच्या होत्या हे कापडावरून कळायचं. कोणाच्या लुगड्याच्या, हे मी कधी विचारलं नाही. मनाशी धरून चाललो.

एखादं यंत्र जोडलं की ते चालू आहे का हे पाहायला दुसऱ्या यंत्रावरून एक छोटा निरोप पाठवतात आणि उत्तराची वाट पाहतात. आम्ही वर्गात त्याला इंग्रजी नाव शिकवतो. शालिकभाऊ त्याला हाक म्हणायचे. पडद्यावर उत्तराची ओळ उमटली की म्हणायचे, "आली ओ." उत्तर आलं नाही की आम्ही लगेच वायर काढ, यंत्र बंद कर असं काहीतरी करायला जायचो. ते हात वर करायचे. "दम धरा, सर. हाक मारली का लगेच दुसरी नसते माराची. तिकडच्याले बी टाइम लागते."

मी त्यांच्या खोलीत गेलो ते एका दुपारी, वसतिगृहाच्या किल्ल्या आणायला. आत एक बाज, एक स्टोव्ह, आणि लाकडी फळीवर भंगारातून आणलेले दोन जुने राउटर शेजारी शेजारी ठेवलेले. दोन्हींवर दिवे लुकलुकत होते.

"हे काय शालिकभाऊ?"

"शिकून राह्यलो." त्यांनी एक जाडजूड, पानं सुटलेलं इंग्रजी पुस्तक उशाखालून काढलं. शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिले होते. "पंधरा दिस झाले, एकमेकाले वळखतच नव्हते. काल वळखलं. आता याच्याकडं कोनता रस्ता हाये ते त्याले मालूम, त्याच्याकडचा याले."

"पण यांना जोडलेलं तर काहीच नाही. मग हे बोलतात काय?"

"बोलतात, 'मी हावो' म्हून. दर दहा सेकंदाले." ते हसले. "घरात कोनी दोघं बोलत असले का बरं वाटते."

मीही हसलो, किल्ल्या घेतल्या आणि निघालो. वाटेत माझ्या मनात जे आलं ते इथे लिहिलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी राउटिंग वर्गात शिकवायचो. फळ्यावर आकृती काढायचो, परीक्षेत प्रश्न द्यायचो. पण दोन खरी यंत्रं समोर ठेवून ती एकमेकांशी बोलती करणं मला येत नव्हतं. दहावी नापास माणसानं ते पंधरा दिवसांत केलं होतं, आणि मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं.

पुढच्याच वर्षी पाचही इमारतींमधली यंत्रं बदलायची ठरली. प्रत्येक इमारतीत एक शेवटचा डबा असतो, तिथून वायरी टेबलांपर्यंत जातात. प्रश्न त्या शेवटच्या डब्याचा होता. तो साधा स्विच ठेवायचा, म्हणजे पाचही इमारती मिळून एकच सलग जाळं. की त्यालाच राउटिंग करायला लावायचं, म्हणजे प्रत्येक इमारतीचं जाळं वेगळं, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना रस्ता शोधून जायचं. प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. शालिकभाऊंनी कधी नव्हे ते बोलायची परवानगी मागितली.

"साहेब, वावराले धुरा, बांध, कायले अस्ते? एका वावरात पाट फुटला तर शेजारच्याचं पीक नाई बुडलं पाह्यजे. प्रत्येक बिल्डिंगले तिचा धुरा पाह्यजे. राउटिंग म्हंजे तेच. आज सगळं एकच वावर हाये. वसतिगृहात कोनं काई केलं का इथं तुमच्या टेबलावर पानी."

विज्ञान विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "मी माझा प्रिंटर उचलून ग्रंथालयात नेला तर तो चालेल का?"

"चालन. पन पत्ता बदला लागन. गाव बदललं का पत्ता बदलतेच, मॅडम."

"आणि दरवेळी तो बदलणार कोण?"

"मी हावो ना."

सगळे हसले. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, ते सौम्यपणेच म्हणाले, "तुम्ही आज आहात, शालिकराम. उद्या?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "राऊत सर, तुमचं मत?"

शालिकभाऊंचं बरोबर होतं. मला ते खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. आणि तसं झालं तर प्रत्येक इमारतीच्या डब्यासाठी मला त्यांना हाक मारावी लागेल, हेही कळत होतं. साधा स्विच कुणालाही लावता येतो. मलासुद्धा.

"सध्या स्विचिंग पुरेसं आहे," मी म्हणालो.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी मला गाठलं. "सर, तुमाले बी खरंच असंच वाटते?"

"सध्या तरी."

"मंग ठीक हाये."

पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पण अडचण एक होती. राउटिंग येईल या भरवशावर त्यांनी बाकीच्या चारही इमारतींत मुख्य इमारतीकडून दोन-दोन वायरी आधीच आणून ठेवल्या होत्या. एक तुटली तर दुसरी. राउटिंग असतं तर दोन्ही रस्ते एकाच वेळी चालले असते. साध्या स्विचांच्या सलग जाळ्यात दोन्ही जोडल्या की निरोप गोल फिरत राहतात, वाढत राहतात, आणि सगळं जाळं गुदमरतं. आम्ही घेतलेल्या स्वस्त डब्यांत ते ओळखून थांबवायची सोय नव्हती. म्हणून प्रत्येक इमारतीतल्या दुसऱ्या वायरीचं टोक त्यांनी मोकळं सोडलं आणि त्याला पांढरी पट्टी बांधली. मग पाचही इमारतींत, अगदी शिपायांनासुद्धा, स्वतः जाऊन सांगितलं.

ग्रंथालयातला डबा माझ्याच खोलीत होता. "सर, पांढऱ्या पट्टीले हात नका लावू."

"मी काय लहान आहे का?"

"सगळ्याइले सांगतलं, म्हून तुमाले बी."

दोन वर्षं ती वायर माझ्या खुर्चीच्या डाव्या बाजूला लोंबत राहिली. तिसऱ्या वर्षी तपासणी समिती यायची होती. आमच्याकडे तपासणी म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कुंड्या भाड्यानं येतात, भिंती निम्म्यापर्यंत रंगतात, पाय तुटलेल्या खुर्च्या गच्चीवर जातात. लोंबतं, उघडं, अर्धवट असं काही दिसू द्यायचं नाही, हा एकच हुकूम. सकाळी नऊ वाजता मी माझ्या खोलीत शेवटची नजर टाकली. टेबल स्वच्छ, फायली सरळ. आणि ती वायर, मळकी चिंधी बांधलेली.

तिला हात लावू नका हे मला आठवत होतं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण समितीतल्या कुणी विचारलं असतं की ही काय आहे, तर मला सांगावं लागलं असतं की हा दुसरा रस्ता आहे, तो आमच्या जाळ्याला वापरता येत नाही, कारण मी तसं ठरवलं. पट्टीची गाठ घट्ट होती, बोटांनी सुटेना. मी ती दातांनी सोडवली. पट्टी खणात टाकली. डब्यावर एक रिकामं छिद्र होतं, टोक त्यात खोचलं. टक असा आवाज आला. वायर नीटनेटकी दिसू लागली आणि मी समितीच्या स्वागताला खाली गेलो.

मला वाटलं, दिवसभराचा तर प्रश्न आहे. निरोप फिरले तरी एका दिवसात असे किती फिरणार. इतकी वर्षं शिकवूनही मला हे इतपतच कळत होतं.

काही मिनिटांत सगळं कॅम्पस बंद पडलं. समितीसमोर दाखवायचं ते काहीच उघडेना, वरच्या मजल्यावर मुलांची ऑनलाइन प्रात्यक्षिक परीक्षा अडकली. एकच सलग वावर असल्यामुळे पाट कुठे फुटला ते कुठूनही दिसत नव्हतं. शालिकभाऊ एकटे एकेका इमारतीत गेले, एकेक वायर काढून पाहत. उन्हात कार्यशाळा, मग वसतिगृह, मग विज्ञान. मी दोनदा त्यांना मैदान ओलांडताना खिडकीतून पाहिलं. मला तोपर्यंत कळलं होतं. मी वर जाऊन ती वायर उपसू शकत होतो. पण समितीतले दोघे माझ्याबरोबर होते, आणि त्यांच्यापुढे खोलीत शिरून वायर उपसणं म्हणजे काय ते सांगणं आलं. मी त्यांना ग्रंथालयातली जुनी मासिकं दाखवत राहिलो.

माझी खोली त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवली होती. तिथे काही नसणार असा त्यांचा विश्वास असावा. चार वाजत आले होते. मी तोवर एकटा येऊन टेबलाशी बसलो होतो. ते आत आले, सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी डब्याकडे पाहिलं. सगळे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकत होते. त्यांनी ती एक वायर काढली. दिवे शांत झाले, मग नेहमीसारखे एकेक करून लुकलुकू लागले.

वायरीचं टोक त्यांनी हातात धरून फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "सर, इथली पट्टी?"

"कोणती पट्टी?" मी म्हणालो.

ते उभे राहिले. बराच वेळ. नंतर "बरं" म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. समितीनं लेखी खुलासा मागितला होता. "कोणाच्या हातून झालं?" प्राचार्यांनी विचारलं. शालिकभाऊ लगेच बोलले नाहीत. मी समोरच्या कपातल्या चहावर धरलेली साय बघत होतो. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"वायर मी टाकेल हाये, साहेब," अखेर ते म्हणाले. "मोकळी बी मीच सोडेल होती."

त्या मार्चला त्यांना पत्र आलं नाही. खुलासा मी लिहिला होता. त्यात 'तांत्रिक सहायकाच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द माझ्या अक्षरात आहेत.

ते कॉलेज सोडून गेले तेव्हा मी वाशीम गावात एका कामाला होतो. ते काम दुसऱ्या दिवशी करता आलं असतं. शिपायानं सांगितलं की एक पेटी आणि सिमेंटच्या पोत्यात गुंडाळलेले दोन डबे सायकलला बांधून ते पायीच फाटकाबाहेर गेले. माझ्या खोलीत परतल्यावर मी पाहिलं, ती वायर कापलेली होती. दरवेळी दोन हात जास्त सोडणाऱ्या माणसानं ती दोन हात आखूड केली होती, डब्यापर्यंत पोचणारच नाही अशी.

ती तशीच राहिली. समोरच्या खुर्चीवर कितीतरी माणसं येऊन बसली, वायरीबद्दल कुणी विचारलं नाही. मी एकदा तिच्यापुढे कपाट सरकवून पाहिलं, आठवड्यानं पुन्हा मागे घेतलं.

यंदा बाहेरच्या एका कंपनीनं आमचं सगळं जाळं बदललं. प्रत्येक इमारतीच्या डब्यातच राउटिंग. त्यांची इंजिनिअर मुलगी माझ्या खोलीत काम करत होती. ती म्हणाली, "सर, दोन-दोन वायरी तर आधीपासूनच आहेत. कोणीतरी विचार करून टाकल्यात. मग हे तेव्हाच का नाही केलं?" आणि कापलेलं टोक हातात घेऊन, "आणि ही अशी कोणी कापली?"

मी तिला सांगितलं की मला माहीत नाही. ते म्हणताना मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. 'कोणती पट्टी' म्हणताना तो असाच होता.

त्या रविवारी मी शिरपूरच्या बसमध्ये बसलो. जैन मंदिराला येणाऱ्या यात्रेकरूंसाठीच्या एका यात्री निवासात शालिकभाऊ पंप आणि कॅमेरे बघतात असं शिपायाकडून कळलं होतं. ते अंगणात शिडीवर उभे होते, पाठ माझ्याकडे. केस सगळे पांढरे झालेले.

"शालिकभाऊ."

"ओ," ते म्हणाले, आणि मग वळून पाहिलं कोण आहे ते. सावकाश खाली उतरले. "सर? जेवले का?"

त्यांनी समोरच्या टपरीवरून चहा सांगितला. आम्ही ओट्यावर बसलो. त्यांनी विज्ञानच्या मॅडमच्या प्रिंटरची चौकशी केली. "चालते का अजून? लय चिडकं होतं ते." मी सांगितलं की आता सगळीकडे राउटिंग झालंय, प्रत्येक इमारतीला तिचा धुरा आहे. "दोन्ही रस्ते चालू?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते चहाच्या ग्लासाकडे बघत मान हलवत राहिले.

मग मी खिशातून पट्टी काढून ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. दातांनी सोडवलेली गाठ, खण, मासिकं, खुलाशातले शब्द. 

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"तवाच. तुमचा खण पुरा लागेल नव्हता. पट्टीचं टोक बाहेर होतं."

"मग मला विचारलं का? पट्टी दिसत होती तर?"

"हाक मारून पाह्यली," शालिकभाऊ म्हणाले. "मंग साहेबाच्या खोलीतबी दम धरला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला धरायला काहीतरी झालं असतं. मी म्हणालो की मी प्राचार्यांना लिहून देतो, तो खुलासा मागे घेतो. "ते साहेब तर रिटायर झाले ना?" ते म्हणाले. "अन् मी बी इथं बरा हावो." मी पट्टी त्यांच्याकडे सरकवली. म्हणालो, ही वहिनींच्या लुगड्याची, तुमच्याकडेच असू द्या.

त्यांनी ती उचलून बोटांत चोळून पाहिली. "लाल-हिरव्या तिच्या होत्या. हे माह्या धोतराचं हाये." आणि त्या दुपारी पहिल्यांदाच थोडे हसले. पट्टी त्यांनी पिशवीत टाकली, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मध्ये. कामाची वस्तू टाकावी तशी.

मी त्यांच्या खोलीत डोकावलो नाही. त्यांनी बोलावलं नाही. उघड्या दारातून फळीवरचे दोन हिरवे दिवे तेवढे दिसले.

वरच्या मजल्यावरून कुणी यात्रेकरूनं आवाज दिला, आमच्या खोलीत नेट येत नाही म्हणून. "ओ, आलो," म्हणत शालिकभाऊ उठले. माझ्या खांद्याला हात लावल्यासारखं करून म्हणाले, "तीनची बस सापडन तुमाले, सर. चारची भरून येते."

बस यात्री निवासाच्या भिंतीला लागूनच जाते. ते तिथे दिसले, जिन्याच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीशी तोंड करून. हात टाकत मोजत चालले होते. कोपरापासून बोटापर्यंत, पुन्हा कोपरापासून बोटापर्यंत. शेवटाला पोचून थांबले. मी खिडकीची काच सरकवून हाक मारली. ड्रायव्हरनं तेव्हाच गिअर टाकला होता. त्यांचं डोकं किंचित वर झालं असं मला वाटलं, पण बस वळली, आणि ओ आली की नाही ते मला ऐकू आलं नाही.